धबधब्याच्या अलीकडं खंडोजीअण्णा

आमचे खंडोजीअण्णा दर रविवारी धबधबा बघायला जातात आणि धबधबा न बघता परत येतात.

बंगळूरजवळ आनेकलच्या पुढं जंगलात हा धबधबा हाय. आधी बस, मग रिक्षा, मग दीड तासाची पायवाट. बांबूची बेटं, लाल माती, मधे दोन जीव काढणारे चढ. शेवटच्या वळणावर हत्तीच्या पाठीएवढा एक धोंडा हाय. तिथं पाण्याचा आवाज येतो, गार वारं लागतं. पुढं फक्त दहा मिनिटं. आणि तिथं अण्णा धोंड्याला हात लावून म्हणतात, "सरी," म्हणजे कन्नडात ठीक, "झालं. चल परत."

"अण्णा, धबधबा?"

"पाण्याचं काय बघायचंय? घरी नळाला येतंय की."

सात रविवार मी हे ऐकलं. शहाणा माणूस दुसऱ्याच रविवारी घरी झोपला असता. पण शहाणा असतो तर चौथीत दोनदा कशाला बसलो असतो?

मी सदा, निपाणीकडचा. बंगळूरात के. आर. पुरमला सोफे दुरुस्त करतो, म्हणजे लोकांच्या बुडाची काळजी घेतो. एकदा दुकानात हातोडा खिळ्याला सोडून अंगठ्यावर बसला. माझा नेम तसाच हाय. तोंडातनं जी शिवी गेली ती इथं सांगत नाही. तर समोरच्या फुटपाथवरनं एक म्हातारा धावत आला. मला वाटलं आता हा पण मारतोय. जवळ येऊन म्हणाला, "मराठी? परत एकदा म्हण की!"

शिवी परत द्यायची म्हणजे अवघड असतं. लाजत लाजत दिली. म्हाताऱ्यानं डोळे मिटून ऐकली. "माझा थोरला काका अश्शीच द्यायचा," म्हणाला. हे अण्णा.

त्यांचं घराणं किती पिढ्यांपासनं बंगळूरला हाय ते त्यांनाच ठाऊक नाही. कापडाचं दुकान होतं, विकून घरी बसलेत. मराठी निम्मी आपली, निम्मी कन्नड. "सदा, स्वल्प दम खा," म्हणायचे आणि मी दम खाईपर्यंत बोलत राहायचे. चढावर बोलायचे, उतारावर बोलायचे, तोंडात केळं असताना बोलायचे. आई लाटणं कसं फेकायची, कावेरीअक्का, म्हणजे त्यांची बायको, भाकरी थापताना तव्याशी कशी भांडायची. एका म्हशीची गोष्ट तर तीन रविवार चालली. म्हैस शेवटी सापडली, पण तोवर मी हरवलो होतो.

मी बसून काम करणारा माणूस. चढावर माझं पोट पुढं जायचं आणि मी मागनं. एकदा चप्पल तुटली, ती हातात धरून चालत होतो, तर माकडानं नेली. तुटकी चप्पल! अण्णा म्हणाले, "जाऊ दे. तुझ्यापेक्षा चांगलं चालतंय ते."

मधे त्यांच्या घरी सोफ्याचं काम निघालं. गेलो. अण्णा कोपऱ्यात खुर्चीवर. "काय अण्णा!" मी ओरडलो. त्यांनी नुसती मान हलवली. दोन तास मी ठोकाठोक केली, अण्णांच्या तोंडातनं शब्द नाही. नातू शाळेतनं आला, इंग्लिशमधे काहीतरी विचारून पळाला. अण्णा नुसते हसले.

सून गुणाची बाई. मला कॉफी दिली आणि हळूच कन्नडात म्हणाली, "सासूबाई गेल्यापासून हे असेच. आम्हा कोणाला मराठी नीट येत नाही, आणि कन्नड येत असून हे घरात मराठीशिवाय काही बोलत नाहीत. डॉक्टरला कान पण दाखवले. तुमच्याजवळ तरी बोलतात का हो?"

"स्वल्प," मी म्हटलं.

"तुमच्या आधी दोघं गेले होते त्यांच्याबरोबर. मराठीच. धबधबा बघितला, फोटो काढले, परत कोणी आलं नाही. तुम्ही मात्र दर रविवारी येता."

इथं माझ्या डोक्यात उजेड पडायला पाहिजे होता. पण मी काय ठरवलं? म्हातारा निसरड्या दगडांना भितोय. आपण धरून न्यायचं. तेवढंच पुण्य!

पुढच्या रविवारी धोंड्यापाशी मी त्यांचं कोपर धरलं. "आज बघायचंच अण्णा."

"नको रे."

"भिता काय? मी हाय की!"

"नको म्हटलं ना, सदा."

ओढतच नेलं. निसरड्यावर घसरलो अर्थातच मी, आणि मला धरलं त्यांनी. समोर हे एवढं पांढरं पाणी कोसळत होतं. मी येडा, हात वर करून ओरडलो. वळून बघतोय तर अण्णा पाण्याकडं बघतच नव्हते. माझ्याकडं बघत होते, पिशवी उचललेल्या पाहुण्याकडं बघतात तसं.

परत येताना एक शब्द नाही. त्या जंगलात पाखरं हायत हे मला त्या दिवशी कळलं. ऐकून ऐकून नकोशी झाली.

बसमधे ते बाहेर बघत बसले. बाहेर बघतच म्हणाले, "बघितलास ना? चांगला हाय ना?"

"हाय."

"आता पुढच्या रविवारी तुला काम असंल."

तेव्हा कुठं माझ्या डोक्यातली ट्यूब लागली.

"कुठला बघितला अण्णा?" मी म्हटलं. "उंचावरनं पडणारं पाणी बघून मला चक्कर येते. गच्च डोळे मिटून उभा होतो. ओरडलो ते भीतीनं. मला आपलं धोंड्यापर्यंतच जमतंय. दिवाळीनंतर धीर झाला तर बघू."

अण्णांनी माझ्याकडं नीट बघितलं. जन्मभर दोन बोटांत कापड धरून पोत सांगणारा माणूस. माझं खोटं त्यांना कळलं नसंल असं नाही.

"दिवाळीनंतर पाणी आटतंय," ते म्हणाले.

"मग पुढच्या वर्षी."

अण्णा जरा सरकून माझ्याकडं वळून बसले. दिवाळीवरनं त्यांना आईच्या चकल्या आठवल्या. आधी भाजणी, मग ती दळायला नेताना वाटेत भेटलेली माणसं. आम्ही बस बदलली, के. आर. पुरम आलं, तरी अजून तेल तापलं नव्हतं.