शंभर टक्के पालक

लातुरातल्या एका नामांकित क्लासने पालकांचे मत विचारात घेण्याचे ठरवले, तेव्हा लेकीला तिथं घातलेल्या महामायाला ते खरंच वाटेना. भूकंपानंतर माणसांनी घरं बसकी बांधली. क्लास तेवढे मजल्यावर मजले चढवत गेले, आणि त्यातल्या कुठल्याच मजल्यावर पालकांना आजवर कुणी काही विचारलं नव्हतं.

सभागृहात प्रत्येकाच्या हाती टीव्हीच्या रिमोटसारखं एक यंत्र देण्यात आलं. संचालक बसवंत सर म्हणाले, "पडद्यावर प्रश्न येईल. एक म्हणजे हो, दोन म्हणजे नाही. वेळ दहा सेकंद. मत पूर्णपणे गुप्त राहील. यंत्राच्या पाठीवर पाल्याचा रोल नंबर आहे, तो केवळ सोयीसाठी."

महामायाशेजारी कंधारला घड्याळं दुरुस्त करणारे फारूकभाई बसले होते. त्यांनी हात वर केला. "सर, निगेटिव्ह मार्किंग हाय का?"

"अहो, परीक्षा नाही ही. यात बरोबर उत्तर नसतं."

बरोबर उत्तर नसलेला प्रश्न तिथं कुणी पाहिलेला नव्हता.

"म्हंजे लई अवघड हाय," मागून एक आजोबा बोलले.

पडद्यावर आलं: 'मुलांना रविवारी दुपारी सुट्टी द्यावी का?'

महामाया मुदखेडहून आली होती ती लेकीला ही एक दुपार मिळावी म्हणूनच. मागच्या रविवारी ती भेटायला आली, तेव्हा डबा खाता खाता यशोधरा घास हातात धरूनच झोपली. महामायानं तो घास अलगद काढून घेतला, लेकीची बोटं पुसली, आणि अकरा मिनिटांनी तिला टेस्टसाठी उठवलं.

तिचं बोट एकवर गेलं. मग रोल नंबर आठवला. सुट्टी मागणाऱ्या आईची पोरगी हुशार पोरांच्या पहिल्या बॅचमध्ये किती दिवस टिकेल? तिनं हळूच फारूकभाईंच्या यंत्राकडं पाहिलं. फारूकभाई तिच्याच यंत्राकडं बघून राहिले होते. दोघांची बोटं एकदमच दोनवर सरकली.

निकाल झळकला. हो: शून्य. नाही: शंभर टक्के.

"पालकांच्या एकमुखी मागणीवरून," सर हात जोडून म्हणाले, "रविवारी दुपारी जादा टेस्ट."

टाळ्यांच्या आवाजात फारूकभाई पुटपुटले, "मी एकच दाबणार होतो, ताई. तुमचं बघून बदललं."

"मी तुमचं बघून," महामाया म्हणाली.

बाहेर यशोधरा उभी होती. बातमी तिच्यापर्यंत आधीच पोचली होती. "आई, एकाच्याबी आईनं हो म्हटलं न्हाई?"

"न्हाई."

"कसली माणसं असतात गं ही?"

महामायानं तिच्या कपाळावरचे केस मागं सारले. "लोकच तसे हायत, बाळा," ती म्हणाली, आणि इतक्या कळवळ्यानं म्हणाली की तिचं तिलाही पटलं.