रथखाना की बंगली, याचा निवाडा

श्रीगजवदनास नमन करोन, शारदेचे पाय आठवोन आणि कुळींच्या वडिलांस हात जोडोन, घडले ते घडले तैसे लिहिले जाते. शके सोळाशे नव्वद, सर्वधारी नाम संवत्सर, कार्तिक मास. ते समयी राज्याचा कारभार राजसबाईसाहेब पाहत होत्या. त्यांचे यजमान हैबतराव महाराज आदले साली नदीकाठच्या लढाईत पडले, पोटी संतान नाही, आणि महाराजांचे धाकटे बंधू सुभानराव, त्यांचे तोंडावर त्याच लढाईत दारूचा भडका येऊन दोन्ही डोळे गेले, सबब त्यांस गादीवर बसणे अशक्य जाहले. मग मानकऱ्यांनी एकविचारे बाईसाहेबांस कारभार सांगितला आणि त्यांनी तो दुःख पोटात घालोन उचलिला. सुभानराव बहुत काळ परमुलखी वैद्याचे औषधात राहोन कार्तिकात पालखीतून स्वस्थानी आले, तेव्हां सुवासिनींनी ओवाळावे म्हणोन बाईसाहेब स्वतः तबक घेऊन दरवाजात उभ्या राहिल्या. पालखी टेकली आणि आंतून हाक आली, "कोण आहे तिकडे?" तो आवाज हुबेहूब हैबतराव महाराजांचा. भावाभावांचा आवाज एक, हे पूर्वीपासोन सर्वांस ठाऊक, महाराज असतां त्याची थट्टाही होत असे. परंतु ते दिवशी बाईसाहेबांचे हातचे तबक सुटोन फरशीवर पडले, कुंकू सांडले, निरांजन विझले, आणि त्या तशाच आंत निघोन गेल्या. लोक समजले की दिराचे डोळे पाहोन दुःख अनावर जाहले. बाईसाहेबांनीही तैसेच समजू दिले.

मग सुभानरावांस ठेवावे कोठे, हा प्रश्न पडला. वाड्यातील राहण्याची दालने सर्व माडीवर, जिना उभा आणि अरुंद. त्या जिन्यावर सुभानराव एकदा पडले आणि गुडघा फोडोन घेतला. सबब तळजागेवर नवे दालन करावे, ऐसे ठरले. जागा दोन निघाल्या. एक वाड्याचे पोटातील रथखाना, जेथे हैबतराव महाराजांचा रथ उभा होता. भिंती दगडी आणि मजबूत, मुदपाकखान्याची भिंत लागोन, माणसांचा वावर चारी बाजूंस. परंतु आंत अंधार, भुई ओलसर, तेलाचा आणि कातड्याचा वास भिंतीत मुरलेला, दरवाजा रथापुरता मोठा आणि खिडकी एकही नाही. दुसरी जागा बागेत, विहिरीपलीकडे चाफ्याखाली. तेथे सागवानी खांबांची कौलारू बंगली नव्याने उठवावी, चहूंकडून वारा यावा, पाटाचे पाणी जवळून खेळवावे. परंतु वाडा तेथून लांब, वाटेत चिखल, आणि हाक मारली तर ऐकणारे कोणी नाही.

बाईसाहेबांनी दरबारात विचार पुसला. भिकाजीपंत कारभारी बंगलीचे बाजूचे. त्यांनी अर्ज केला की रथखाना म्हणजे जनावरांची आणि चाकांची जागा, तेथे राजबंधूंस ठेविले तर परराज्यात नाचक्की होईल. शिवाय महाराजांचा रथ कोठे न्यावा? आणि आवाज उतरवोन हेही सांगितले की नाराज मानकरी वाड्यातच राजबंधूंभोवती जमू लागले तर फितूर उभा राहील. हैबतरावांच्या आत्या गोदूबाई आत्यासाहेब पडद्याआडोन ऐकत होत्या. त्या म्हणाल्या की फितूर करणारांस बाग अधिकच सोयीची पडेल, आणि आंधळ्या माणसास चाफ्याची शोभा दाखवोन काय करणार? दरबारात कोणी हसले नाही. बाईसाहेब नित्य सकाळी रथखान्यात जाऊन रथाचे दांडीवर हात ठेवोन बसत, हे आत्यासाहेबांवाचून कोणास ठाऊक नव्हते. आणि आणखी एक गोष्ट त्यांनी आत्यासाहेबांसही सांगितली नव्हती, ती ही की तो आवाज पुन्हा कानी पडू नये, म्हणोन त्या सकाळसंध्याकाळ देवाचे पायी डोके ठेवीत. मग त्यांनी निवाडा दिला की बंगलीच बांधावी. पंत संतोष पावले.

मार्गशीर्षात बागेत पाया आखावयास गवंडी आले, खुंट्या ठोकल्या, सूत ताणिले. बाईसाहेब आत्यासाहेबांसह पाहावयास गेल्या. सुभानराव तेथे अगोदरच विहिरीचे कठड्यापाशी आसनावर बसले होते. तोंडावर भाजल्याचे डाग, हातात काठी, मान किंचित वळलेली. बाईसाहेबांनी विचारिले, "भाऊजी, जागा पसंत आहे ना?" सुभानराव अगदी हळू, ओठांतल्या ओठांत म्हणाले की उत्तम आहे. बाईसाहेबांस नीट ऐकू आले नाही. त्यांच्या ध्यानी आले की घरी आल्यापासोन हे नित्य ऐसेच बोलतात, आणि त्यांनी सेवकास सांगितले की राजबंधूंचे घशास काही विकार दिसतो, उद्या वैद्यास आणावे.

तेव्हां आत्यासाहेब म्हणाल्या, "घशास काही जाहले नाही, सूनबाई. तुझे हातचे तबक पडले ते त्याने ऐकिले. ते दिवसापासोन तो कुजबुजतो."

गवंडी हात आवरोन उभे राहिले. सुभानरावांनी काठी मांडीवर आडवी घेतली आणि म्हणाले, "बंगली मीच मागितली, वहिनीसाहेब. पंतांस मीच सांगोन ठेविले. वाड्यात राहिलो तर जन्मभर ऐसेच बोलावे लागेल. येथे मोकळ्याने बोलेन, तुम्हांस ऐकू येणार नाही." हेही त्यांनी त्याच दबक्या आवाजात सांगितले, आणि सांगतां सांगतां एका शब्दावर आवाज चुकोन मोठा जाहला, तो त्यांनी खोकल्याचे निमित्त करोन गिळिला.

आपण राज्यातील तंटे तोडतो, रयतेस न्याय देतो, आणि घरातील माणसास त्याचा स्वतःचा गळा वापरू देत नाही, ऐसे मनात येऊन बाईसाहेब शरमल्या. मग त्या पुढे जाहल्या आणि म्हणाल्या, "त्यांचा आवाज या मुलखात आता एकाच ठिकाणी उरला आहे, भाऊजी. तो मी बागेत हाकलीत होते." आणि गवंड्यांकडे वळोन आज्ञा केली की सूत गुंडाळावे, दालन रथखान्यातच होईल.

पंतांनी पुन्हा रथाचा प्रश्न काढिला. बाईसाहेबांनी रथ गावदेवीचे छबिन्याचे मिरवणुकीस अर्पण केला. ज्या दिवशी रथ बाहेर ओढिला ते दिवशी त्या चौकात उभ्या होत्या. चाके उंबऱ्यावरून उतरतां कुरकुरली आणि त्यांनी डोळे मिटले, परंतु थांबा म्हटले नाही. मग रथखान्याची भुई खणोन मुरूम भरला, वरी फरशी घातली, पश्चिमेची भिंत फोडोन दोन खिडक्या काढिल्या, रथाचा दरवाजा बुजवोन माणसापुरता केला, चुन्याचे हात फिरविले. तेलाचा वास मात्र पुरता गेला नाही. सुभानराव म्हणाले की राहू द्यावा, दादासाहेबांचे संगतीत बसल्यासारखे वाटते. माघ मासी शुभ दिवस पाहोन वास्तुशांत केली आणि सुभानराव राहावयास आले.

त्याच दिवशी दुपारी मुदपाकखान्यात पंक्तीची आवराआवर चालली होती, बाईसाहेब स्वतः उभ्या राहोन दुधाची व्यवस्था पाहत होत्या, आणि भिंतीपलीकडोन मोकळ्या गळ्याने हाक आली, "अहो, पाणी आणता का कोणी?"

"आले," बाईसाहेब म्हणाल्या.

शब्द तोंडातून गेल्यावर त्यांस कळले की आपण काय बोललो. आचारी आणि दासी खाली पाहू लागल्या. बाईसाहेबांनी क्षणभर भिंतीस हात टेकिला, डोळे पुसले, मग कोणास न सांगतां आपले हाते तांब्या भरला आणि रथखान्याकडे गेल्या. पावलांवरून सुभानरावांनी ओळखिले आणि ते उठोन उभे राहिले. आवाज पुन्हा तळास नेऊन म्हणाले की क्षमा असावी, नवी जागा, भान राहिले नाही. बाईसाहेबांनी तांब्या त्यांचे हाती दिला.

"मघासारखे बोला, भाऊजी," त्या म्हणाल्या.

येणेप्रमाणे बंगली बांधावयाची राहिली आणि रथखाना नांदता जाहला. पुढे राजसबाईसाहेबांनी बहुत वर्षे राज्य चालविले आणि अवघड मसलत आली की दिरास बोलावोन मोठ्याने मत सांगावयास लावीत. श्रोत्यांचे घरी आपली माणसे हाकेचे अंतरावर असोत, इतके मागोन लेखणी ठेविली.