तेहेतीस फुल्या

गाडीत तीन माणसं, दोन पिशव्या, सासूबाईंची एक उशी आणि चालवणाऱ्याच्या खिशात वीस मीटर कागदी चिकटपट्टीचं एक कोरं रीळ होतं. चालवणारा खिडक्यांना काचा बसवणारा. रीळ आणि मोजपट्टी बरोबर नसली की सुट्टीतही त्याला चुकल्यासारखं वाटे.

बायकोला संग्रहालयातलं काचेचं घरटं बघायचं होतं. अकरा वर्षं ती म्हणत होती, आणि अकरा वर्षं कुणाच्या ना कुणाच्या खिडक्या आड येत होत्या. घरटं पाहून मग तलावावर जायचं. तिथली शेवटची होडी पाचला.

संग्रहालयाच्या काचेच्या दारावरच सासूबाई थाडकन आपटल्या.

“दार उघडं होतं ना?”

“बंद होतं, आई.”

“मग दिसलं कसं नाही?”

जावयाला हे पटलं. नवी काच बसवली की तिच्यावर फुली चिकटवायची, म्हणजे कुणी धडकत नाही. बायको आईचं नाक धुवायला घेऊन गेली, तेवढ्यात त्याने दारावर फुली मारली. आतल्या पेट्यांच्या काचा तर दारापेक्षाही स्वच्छ होत्या. रखवालदाराने त्याला अडवलं नाही; उलट शिडी आणून दिली. एका फुलीला साठ सेंटीमीटर. तेहेतीस फुल्या झाल्या, सगळ्या काचा संपल्या आणि रिळावर वीस सेंटीमीटर उरले.

आईचं रक्त थांबवून बायको अर्ध्या तासाने परतली तेव्हा घरट्याची पेटी रिकामी होती.

“इथलं घरटं कुठे गेलं?”

“गोदामात,” रखवालदार म्हणाला. “फुली दिसली की उचलायचं, असं सकाळीच सांगितलंय. दुरुस्तीला जाणारं सामान आहे.”

“फुली कुणी मारली?”

“तुमच्या शेजारी उभे आहेत ते तज्ज्ञ. आज येणारच होते.”

बायकोने शेजारी पाहिलं. “अहो.”

“कुणी धडकू नये म्हणून...”

“घरट्याला कोण धडकणार होतं?”

तेवढ्यात खरे तज्ज्ञ आले. बत्तीस पेट्या रिकाम्या, आणि लोक फुल्यांसमोर रांग लावून एकमेकांना अर्थ समजावत होते. “माझ्या यादीत तीनच वस्तू आहेत,” तज्ज्ञ पुटपुटले आणि त्यांनी कागद उलटा करून पाहिला.

ठरलं ते असं: जावयाने फुली काढायची, मग वस्तू जागेवर. गोंदाचा डागही न ठेवता त्याने तेहेतीस फुल्या काढल्या, दारापासून सुरुवात करून. घरटं सर्वांत शेवटी आलं. बायको पेटीपाशी वाकली.

“किती बारीक काड्या आहेत हो,” ती म्हणाली.

पाचला वीस मिनिटं होती. “मी गाडी काढतो,” म्हणत तो धावत सुटला.

“जावईबापू,” मागून सासूबाई म्हणाल्या, “दार बंद होतं.”

बायकोने त्याच्या कपाळावर ओला रुमाल ठेवला आणि रिळावरच्या उरलेल्या पट्टीचे दोन तुकडे करून तो आडवा-उभा चिकटवला. मग गार पाणी आणायला गेली. परतली तेव्हा नवरा ढकलगाडीवर होता आणि रखवालदार त्याला गोदामाकडे नेत होता.

तिने ढकलगाडी थांबवली, फुलीसकट रुमाल उचलला आणि नवऱ्याच्या खिशातली मोजपट्टी काढली. टेंगूळ चार सेंटीमीटर रुंद, दीड सेंटीमीटर उंच.