ऐंशी जणांचं सूप आणि निळ्या पट्टीचा डाव

“तुमच्या समितीत यायला किती म्हातारं व्हावं लागतं?”

हा प्रश्न मिखालने सिनेगॉगच्या पायऱ्यांवर, भर शनिवारी, खुद्द पेर्लाबाईंना विचारला. तशी पैजच मैत्रिणींनी लावली होती, आणि त्या तिघी खांबाआड एकमेकींच्या दंडाला चिमटे काढत उभ्या होत्या. महिला समितीच्या अध्यक्षा पेर्लाबाई एकोणऐंशी वर्षांच्या. अर्जेंटिनातल्या रोसारिओ शहरातले निम्मे नवरे त्यांना घाबरत, आणि उरलेले त्यांच्या हातचं जेवून गप्प बसत.

बाईंनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

“वय?”

“सोळा.”

“चालेल. शुक्रवारी एकला स्वयंपाकघरात ये. केस बांधून.”

झालं! पैज जिंकायला गेलेली मिखाल समितीच्या सत्तर वर्षांच्या इतिहासातली सर्वांत लहान सभासद होऊन घरी आली. आल्या आल्या तिने सांगून टाकलं, की या म्हाताऱ्यांना सहा महिन्यांत ती सुतासारखं सरळ करणार.

त्या शुक्रवारी समितीवर आभाळ कोसळायचंच बाकी होतं. सिनेगॉगला दोन वर्षं रब्बी, म्हणजे धर्मगुरू, नव्हता. ब्वेनोस आयरेसहून एक तरुण रब्बी जागा बघायला येणार होता, स्थळ बघायला यावं तसा. आधीची दोन स्थळं ‘कळवतो’ म्हणून गेली ती गेलीच. संध्याकाळी ऐंशी जणांचं जेवण, आणि सूर्य मावळायच्या आत चूल बंद. एकदा शब्बात, तो आठवड्याचा विश्रांतीचा पवित्र दिवस, लागला की कांदासुद्धा परतता येणार नाही.

भांड्यांचं खातं ओल्गाबाईंकडे. त्यांनी मिखालला चाळीस मिनिटं उभं करून शिकवलं. लाल पट्टीचं सगळं मांसाचं, निळ्या पट्टीचं सगळं दुधाचं. सिंक दोन, कपाटं दोन, घासण्या दोन. ज्यूंच्या खाण्याच्या नियमात दूध आणि मांस यांनी एकमेकांच्या वाऱ्यालाही उभं राहायचं नाही.

“मावशी, दोनच तर रंग आहेत,” मिखाल म्हणाली. “बालवाडीतलं पोरही सांगेल.”

“हं,” ओल्गाबाई म्हणाल्या. त्या ‘हं’चा अर्थ तिला तासाभराने कळला.

पेर्लाबाई आणि ओल्गाबाई टेबलांवर चादरी घालायला गेल्या आणि कोंबडीच्या सूपचा टोप मिखालच्या ताब्यात आला. टोप कसला, लहान मूल पोहेल एवढा हौद. मिखालने खणातला पहिला डाव उचलला, ऐटीत ढवळलं, डाव वर धरून स्वतःचा फोटो काढला आणि मैत्रिणींना पाठवला. ‘अध्यक्षबाई कामात आहेत.’

लगेच उत्तर आलं. ‘भारीच. दांड्याची निळी पट्टी टी-शर्टला मॅच होतेय.’

मिखालने दांडा पाहिला. निळा. डोळे चोळून परत पाहिला. निळाच.

दुधाचा डाव, उकळत्या मांसाच्या सूपमध्ये! आपण बोललो तर सूप मोरीत, पाहुणा उपाशी, रब्बी तिसऱ्यांदा हातचा जाणार. न बोललो तर ऐंशी माणसं आपल्यामुळे नको ते खाणार, आणि ‘सूप छान झालंय’ म्हणणार. हे दुसरं तर जास्तच भयंकर.

आधी तिने डाव धुतला. गडबडीत लाल घासणीने. म्हणजे आता घासणीही गेली! ती फेकणार तोच ओल्गाबाई आल्या, तीच घासणी उचलून सुरी घासली आणि त्या सुरीने गाजरं चिरायला बसल्या. साथीचा रोग पसरावा तसा तो डाव सूपमधून घासणीत, घासणीतून सुरीत, सुरीतून गाजरात शिरला. मिखाल मनातल्या मनात रुग्ण मोजत होती.

“अशी काय बघतेस गं?”

“शिकतेय, मावशी.”

“गुणाची आहे पोर,” ओल्गाबाई म्हणाल्या, आणि ते तर चिमट्यासारखं लागलं.

मग तिला आठवलं, की अशी वस्तू मातीत खुपसली की शुद्ध होते, असं आजी म्हणायची. डाव टी-शर्टखाली लपवून ती मागच्या अंगणात धावली आणि तो जिरेनियमच्या मोठ्या कुंडीत खसकन खुपसला.

खण्!

तिने माती उकरली. आत एक काटा होता, निळा. एक चमचा, लाल. आणि एक गंजलेली सुरी, जिच्या पट्टीचा रंग केव्हाच उडाला होता.

“सुरी माझी आहे,” मागून आवाज आला.

पेर्लाबाई दारात उभ्या होत्या, खांद्यावर चादर.

“काटा ओल्गाचा. मला माहीत आहे, हे तिला माहीत नाही. चमच्याचं मलाही कोडंच आहे. तू काय पुरतेस?”

मिखालने डाव वर काढला आणि रडू आवरत सगळं सांगितलं, गाजरापर्यंत.

“मातीने काही होत नाही, पोरी,” बाई कुंडीच्या कडेवर टेकत म्हणाल्या. “पण घाबरलेल्या हातांना काम मिळतं. माझी सुरी थंड काकडीला लागली होती, तेवढं खपून गेलं. हे सूप आहे, उकळतं. विचारावंच लागेल.”

“कुणाला?”

बाईंनी घड्याळ पाहिलं. विचारायचं ते रब्बीला. आणि आज गाठता येईल असा रब्बी एकच होता, पाचच्या बसने येणारा.

“मी सांगते, माझ्या हातून झालं म्हणून,” बाई म्हणाल्या. “माझं वय झालंय, खपून जाईल.”

मिखालला ‘हो’ म्हणायचं फार मनात होतं. ती म्हणाली, “नको. मीच सांगते.”

सव्वापाचला रब्बी आला, तर स्वागताच्या फुलांऐवजी त्याच्यापुढे डाव घेतलेली मुलगी. तिने एका दमात सगळं ओकून टाकलं. मागे ओल्गाबाईंनी खुर्ची शोधली.

रब्बीने बॅगही खाली ठेवली नव्हती. “या डावाने गरम दूध शेवटचं कधी ढवळलं?”

सगळ्यांनी ओल्गाबाईंकडे पाहिलं.

“गेल्या शावुओतच्या सणाला,” त्या क्षीण आवाजात म्हणाल्या. “तांदळाची खीर. आता दहा महिने झाले.”

“चोवीस तास उलटले की पुरे. सूप चालेल, गाजरंही चालतील. डाव मात्र उकळून घ्या आणि ती घासणी फेकून द्या.” मग तो ओशाळून म्हणाला, “सकाळपासून मी काही खाल्लेलं नाही.”

त्या रात्री त्याने सूपचे तीन वाडगे संपवले. जागेबद्दल विचारलं, तेव्हा मात्र ‘कळवतो’ म्हणाला.

मिखालचे आईबाबा शेजारच्याच टेबलावर होते. त्यांना एव्हाना सगळं कळलं होतं, नव्हे, ऐंशी जणांना कळलं होतं.

“मग?” बाबांनी हळूच विचारलं. “सोडतेस ना?”

“नाही,” मिखाल ताठ मानेने म्हणाली. “मी ठरवलंय, समितीत राहणार. कायमची. पेर्लामावशींकडून एक खातंही मागून घेतलंय.”

“कुठलं?” आईने काळजीने विचारलं.

“खुर्च्यांचं.”