राहीच्या कॅसेटीशी बारी

गणपतीच्या सुट्टीत धोंडू मुंबईहून चिपळूणजवळच्या सासुरवाडीला आला, तो टेपरेकॉर्डर, सोळा वर्षांची लेक राही आणि तिच्या आवाजातली पहिलीवहिली पॉप गाण्यांची कॅसेट घेऊन. कॅसेट बरी की वाईट, हे गोदीत काम करणाऱ्या माणसाने कसं जोखायचं? "मामाने नाक मुरडलं तर गाणं बंद," असं त्याने लेकीला बजावलं होतं. आणि मामा म्हणजे सखाराम शाहीर! शक्ती-तुऱ्याच्या बारीत, म्हणजे गाण्याच्या सामन्यात, समोरच्याने गाण्यातून सवाल टाकायचा आणि यांनी गाण्यातूनच जवाब द्यायचा. आजवर कुणी त्यांना हरवलं नव्हतं.

ओटीवर वाडी जमली. राहीने बटण दाबलं. आवाज असा खणखणीत निघाला, की शेजारच्या गोदूबाईंनी सोलायला घेतलेला नारळ खाली ठेवला. शाहिरांनीही नकळत मान डोलावली.

"सांग ना, चंद्राला फोन कोण करील?" कॅसेटीतली राही गात होती.

शाहीर ताठ बसले. "सवाल टाकलान पोरीनं! बाबल्या, ढोलकी घे!"

"मामा, तो सवाल नाही, गाणं आहे," राही कळवळली.

"मंग सवाल गान्यातच असतो, गो!"

चंद्र शंकराच्या माथ्यावर, तेव्हा नंबर पार्वतीकडेच मिळणार, हे शाहिरांनी कानावर हात ठेवून, पुराणाच्या आधाराने, चांगलं ऐसपैस गाऊन सिद्ध केलं. वाडीने टाळ्या पिटल्या. पण कॅसेट कुठली थांबतेय! तोवर तिने डिस्कोच्या दिव्याला झोप का येत नाही, हेही विचारून टाकलं होतं. शाहीर दिव्याकडे वळतात तोच मनाची गाडी कुठे लागली, हा तिसरा सवाल आला.

राही धावली. "थांबवते मी!"

"खबरदार! समोरच्याचं तोंड दाबून जिकलो, म्हनतील लोक."

शाहिरांचा घसा बसला, बाबल्याचे हात भरून आले, कॅसेट मात्र ताजीतवानी. अखेर बाजू संपून बटण आपसूक वर आलं, तेव्हा शाहीर अजून गाडीच शोधत होते.

गोदूबाईंनी निकाल दिला, "हरलास रे सख्या. पोर भारी हाय."

राहीच्या डोळ्यांत पाणी आलं. धोंडूने घाईघाईने हात जोडले. "दादा, वाईट वाटून घेऊ नका. आजपासून हिचं गाणं बंद!"

"बंद?" शाहीर बसलेल्या आवाजात ओरडले. "मंग मी उरलेले जवाब कुनाला देऊ?"