सागरराणीचा सुखन्यात मुक्काम

शिडाची बोट बांधायला समुद्र लागत नाही, डोकं लागतं! आणि ते माझ्याकडे भरपूर होतं. एरवी अकोल्याच्या माणसानं, समुद्रापासून इतक्या लांब, चंदीगडमध्ये, विद्यापीठाच्या क्वार्टरच्या पोर्चमध्ये बोट बांधली असती का? मी बांधली! नाव ठेवलं ‘सागरराणी’. आमची मारुती त्या काळात वर्षभर रस्त्यावर उन्हात उभी होती, पण राणीसाठी एवढं करावंच लागतं.

सुरुवात अठ्ठ्याण्णव साली झाली. आमच्या रसायनशास्त्र विभागात नवंनवं इंटरनेट आलं होतं. एक पान उघडेपर्यंत माणूस कॅन्टीनला जाऊन समोसा खाऊन परत यायचा. असाच एकदा समोसा खाऊन परत आलो, तर पडद्यावर एक परदेशी जोडपं! घरदार विकून शिडाच्या बोटीवर राहायला गेलेलं. आज हे बंदर, उद्या ते बेट. नवरा सुकाणू धरून उभा, बायको मासे तळतेय, दोरीवर कपडे वाळताहेत आणि मागं डॉल्फिन उड्या मारतोय! मी जागच्या जागी ठरवलं : रिटायर झालो की मुंबई ते कन्याकुमारी, बोटीवरच बिऱ्हाड!

घरी येऊन मीनाक्षीला सांगितलं. माझी बायको शाळेत भूगोल शिकवते.

“समुद्र मी रोज नकाशात बघते,” ती म्हणाली. “निळा असतो. तेवढं पुरे.”

“अगं, पण डॉल्फिन...”

“तळून खातात का ते?”

आमची कन्या नेत्रा तेव्हा अकरावीत होती. चंदीगडात जन्मलेली. मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र हिंदीत. ती म्हणाली, “पापा, प्लीज, किसी को बताना मत.”

पण मला राजाभाऊंची साथ होती. राजाभाऊ हवाई दलातून निवृत्त होऊन इथंच स्थायिक झालेले, आणि आवाज असा की कुजबुजले तरी शेजारचा माणूस फाटक उघडून बाहेर यायचा. ते म्हणाले, “विश्वनाथराव, विमान काय, बोट काय! वारा तोच. वारा हा आपला विषय!” त्यांच्या भरवशावर मी प्लायवूड आणलं, करवत आणली आणि अंगठ्यावर हातोडी मारून शुभारंभ केला.

शिडाचं कापडही राजाभाऊंनीच दिलं. महाराष्ट्र मंडळाच्या गणेशोत्सवात खाण्याच्या स्टॉलवर लावलेला भलामोठा पांढरा फलक त्यांच्या माळ्यावर पडून होता. त्यावर हातभर उंचीच्या तांबड्या अक्षरांत लिहिलेलं : ‘उपवासाचे पदार्थ येथे मिळतील’. सेक्टर बावीसच्या शिंपी मास्टरजींनी कापड असं काही बेतलं, की बाकीची अक्षरं शिवणीत आणि कातरकामात गेली, आणि शिडाच्या ऐन पोटावर ‘उपवास’ तेवढा उरला!

“असू दे हो,” राजाभाऊ म्हणाले. “पाण्यात कोण वाचायला येतंय?”

बोट तयार झाली तशी मीनाक्षीनं अट घातली. “एक अख्खा दिवस मला या बोटीवर राहायला लावून दाखवा. स्वयंपाक, जेवण, दुपारची झोप, सगळं. नुसतं चक्कर मारून आणणं नाही. त्यानंतर मी हो म्हणाले तर हो. नाही म्हणाले, तर ही राणी पोर्चमधून कायमची हलवायची!”

माझं उरलेलं आयुष्य एका होकारावर टांगलेलं! मी सुखना तळ्यावरच्या बोटवाल्यांच्या हातापाया पडून एका रविवारची तोंडी परवानगी मिळवली. त्या रविवारी नेमकी संकष्टी निघाली, पण मीनाक्षी म्हणाली, “बरंच झालं, साबुदाण्याची खिचडी केली की सुटले.”

रविवारी सकाळी राणी ट्रकवरून सुखन्याला निघाली. मागून मीनाक्षीचं सामान. वातीचा स्टोव्ह, पातेली, भिजवलेला साबुदाणा, दोन गाद्या, पाण्याचं पिंप, घडीची खुर्ची, इस्त्रीचे कपडे आणि सहामाहीच्या उत्तरपत्रिकांचे तीन गठ्ठे!

“अगं, एवढं कशाला?”

“घर म्हणालात ना? मग घर म्हणजे घर!”

सगळं चढवल्यावर बोटीवर रंगवलेली नावाची अक्षरं गळ्यापर्यंत पाण्यात गेली. राजाभाऊ आणि नेत्रा काठावर थांबले. राजाभाऊ गरजले, “विश्वनाथराव, वारा दक्षिणेचा! सोडा!”

आणि काय सांगू तुम्हाला! शीड फट्कन फुगलं, दोरी ताणली गेली आणि आमची सागरराणी चालायला लागली! खरंच चालायला लागली! समोर शिवालिकचे डोंगर, पाणी काचेसारखं, खाली सळसळ असा आवाज. मी सुकाणू धरून उभा होतो. छाती इतकी फुगली होती, की शिडाला म्हटलं, तू जरा बाजूला हो, मी एकटाच नेतो! मीनाक्षीनं पदर खोचला, स्टोव्ह पेटवला, जिऱ्याची फोडणी दिली. केस वाऱ्यावर भुरभुरत होते. ती चक्क हसत होती!

“अहो, छान वाटतंय हो!”

“मग म्हण की हो!”

“दिवस तर जाऊ दे.”

तेवढ्यात खालून ‘घस्स्स’ असा आवाज आला.

बोटीच्या बुडाखाली एक लाकडी फळी असते. ती खोल पाण्यात बोटीचा तोल धरते. खोल पाण्यात! सुखना तळं डोंगरातल्या मातीनं वर्षानुवर्षं भरत आलंय, हे सगळ्या चंदीगडला ठाऊक होतं. त्या वर्षी तर फिरायला येणारा प्रत्येक जण गाळ या एकाच विषयावर बोलत होता. आमच्या फळीला मात्र कोणी सांगितलं नव्हतं. भरल्या संसाराच्या वजनानं ती गाळात अशी रुतली, की बोट पाचर मारल्यासारखी जागच्या जागी थांबली. आम्ही थांबलो, पण खिचडी थांबली नाही! पातेलं स्टोव्हवरून उडालं, हवेत एक गिरकी घेतली आणि दाण्याच्या कुटासकट पाण्यात गडप! सुखन्यातल्या बदकांना आयुष्यात पहिल्यांदा साबुदाणा मिळाला.

“शीड उतरवा आधी!” मीनाक्षी ओरडली.

मी दोरी ओढली. दोरी कप्पीत अडकली. आणखी जोरात ओढली, तर शीड आणखी ताठ झालं! आता तळ्याच्या मधोमध एक बोट निश्चल उभी, त्यावर एक नवराबायको, आणि मागं तांबड्या अक्षरांत ‘उपवास’.

पुढचं काठावरचं नेत्रानं मला नंतर सांगितलं. फिरणाऱ्या मंडळींपैकी एक गृहस्थ थबकले. त्यांनी चष्मा पुसून वाचलं. “ओ जी, भूख हड़ताल!”

“किस लिए?”

“और किस लिए? गाद के लिए! देखो, ठीक गाद के ऊपर जाके बैठे हैं!” गाद म्हणजे आपला गाळ.

पाच मिनिटांत पन्नास माणसं. दहा मिनिटांत भुट्टेवाला, कुल्फीवाला आणि एक वार्ताहर. वार्ताहरानं राजाभाऊंना गाठलं. “ये कौन हैं जी?”

राजाभाऊंचा ऊर भरून आला. “हमारे प्रोफेसर साहब! पक्के इरादे के आदमी हैं! जब तक मॅडम हां नहीं बोलेंगी, पीछे नहीं हटेंगे!”

आता, राजाभाऊंच्या मनातली मॅडम म्हणजे आमची मीनाक्षी. पण तळ्याचा कारभार ज्यांच्याकडे होता, त्या मोठ्या अधिकारीही बाईच होत्या, आणि अख्खं शहर त्यांना ‘मॅडम’ म्हणायचं! झालं! कोणीतरी मूठ वर केली आणि घोषणा उठली, “मॅडम, हां बोलो! मॅडम, हां बोलो!”

इकडं बोटीवर आम्हाला एवढंच ऐकू येत होतं. मीनाक्षीनं माझ्याकडे वळून पाहिलं. भूगोलाच्या तासाला मागच्या बाकावर दंगा झाला की ती बहुधा असंच पाहत असावी.

“तुम्ही माणसं जमवलीत? माझ्या होकारासाठी?”

“देवाशपथ नाही!”

“अख्ख्या गावासमोर माझी शोभा!” असं म्हणाली खरी, पण तिनं पदर सारखा केला, केस नीट केले आणि घडीची खुर्ची उघडून काठाकडे तोंड करून बसली. वार्ताहरानं कर्णा घेऊन विचारलं, “मॅडमजी, आप उपवास पर हैं?”

“हां जी!” मीनाक्षीनं खरं तेच सांगितलं. “रात को चाँद निकलने तक!”

“जिंदाबाद!”

“और प्रोफेसर साहब?”

“मेरा नहीं है! मुझे भूख लगी है!” मी जीव तोडून ओरडलो. वाऱ्यातून त्यातलं नेमकं ‘भूख’ तेवढं काठावर पोचलं. तिथं टाळ्यांचा कडकडाट!

दुपार झाली. पोटात कावळे नाही, गिधाडं ओरडायला लागली. आणि देवासारख्या एक वृद्ध पंजाबी आजी, सगळ्यांच्या बीजी, पायडलच्या बोटीतून आमच्याकडे निघाल्या. मांडीवर डबा! वाऱ्याबरोबर वास आला : आलूचे पराठे, वर पांढरं लोणी! मी दोन्ही हात पसरले. बीजी जवळ आल्या, आणखी जवळ आल्या, आणि काठावरून शंभर लोक ओरडले, “बीजी, ना! उपवास टूट जाएगा!”

“हाय रब्बा!” म्हणून बीजींनी जीभ चावली, मला दुरूनच हात जोडले आणि बोट वळवली. पराठे माझ्या डोळ्यांदेखत परत गेले! त्या क्षणी मला त्या परदेशी जोडप्याचा जितका राग आला, तितका कोणाचाही कधी आला नव्हता.

मीनाक्षीला मात्र कशाचं काही नव्हतं! तिनं दोन गठ्ठे तपासून संपवले, गादीवर टेकून डुलकी काढली आणि उठून म्हणाली, “किती शांत आहे हो इथं! बेल नाही, फोन नाही, दूधवाला नाही.”

“काठावर पाचशे माणसं ओरडताहेत.”

“पण वर कोणी येत नाहीये ना!”

उन्हं कलायला लागली तशी पोलिसांची मोटरबोट आली. तीत इन्स्पेक्टर ढिल्लों, आणि त्यांच्या हातात मोसंबीच्या रसाचा पेला! त्यांनी मला सलाम ठोकला.

“प्रोफेसर साब, मुबारक हो! मॅडम से बात हो गई. मॅडम ने हां बोल दिया!”

मीनाक्षी माझ्या शेजारीच बसली होती. ती सावकाश उभी राहिली. बोट हलली.

“कौनसी मॅडम?”

“वही जी, जिनकी हां के लिए साब सुबह से भूखे बैठे हैं. शिमला में थीं, फोन पे मिलीं. साब का नाम सुनके बोलीं, हां, पक्का हां!”

“अहो!” मीनाक्षी माझ्याकडे वळली. “ही कोण शिमल्याची बाई? आणि तिचा होकार तुम्हाला कशाला हवाय?”

“मला माहीत नाही गं! मी तिला ओळखत नाही!”

“ओळखत नाही, आणि ती पक्का हां म्हणते?”

इन्स्पेक्टरसाहेब बिचारे एकदा हिच्याकडे, एकदा माझ्याकडे बघत होते. रस त्यांच्या बुटांवर सांडत होता. त्यांनी घाईघाईनं सगळं उलगडून सांगितलं : गाळ काढायला मंजुरी मिळाली होती, पुढच्या रविवारपासून नागरिकांचं श्रमदान सुरू, आणि पहिली पाटी उचलण्याचा मान प्रोफेसरसाहेबांचा! मग मी आमची बाजू सांगितली. शीड, स्टॉल, संकष्टी, सगळं. ढिल्लों ऐकत राहिले. त्यांच्या मिशा थरथरायला लागल्या, आणि मग ते मोटरबोटीत मटकन बसून असे हसले, की ती बोटही डुलायला लागली.

“साब,” डोळे पुसत ते म्हणाले, “किनारे पे ये मत बताना. लोग बहुत खुश हैं.”

काठावर लोक मीनाक्षीकडे बघून हात हलवत होते. डोंगरांवर ऊन तांबूस झालं होतं. तिनं रसाचा पेला घेतला, एक घोट प्यायली आणि म्हणाली, “अहो, हो.”

“काय हो?”

“हो म्हणजे हो! राहू या बोटीवर. इतका छान रविवार मला कित्येक वर्षांत मिळाला नव्हता! समुद्रात जाऊ, कन्याकुमारीला जाऊ, पुढं लंकेलाही जाऊ!”

मी आनंदानं वेडा झालो! शिडाच्या खांबाला मिठी मारली! राजाभाऊंना इथूनच हाक मारली! तेवढ्यात ढिल्लों म्हणाले, “आइए साब, उतर आइए. बोट हल्की होगी तो निकलेगी. पानी कमर तक ही है.”

मीनाक्षीनं साडी खोचली आणि सरळ उतरली. पाणी तिच्या कमरेला लागलं. “या की!”

मी खांबाची मिठी सोडली नाही.

“अहो, या ना!”

“इथं बरंय मला.”

“काय झालं?”

“मला,” मी शक्य तितक्या हळू म्हणालो, “पोहता येत नाही.”

बदकंसुद्धा गप्प झाली.

“पोहता येत नाही?” मीनाक्षीचा आवाज काठापर्यंत गेला. “आणि मला घेऊन कन्याकुमारीला निघाला होतात?”

“बोटीवर राहायचं होतं गं! पाण्यात कुठं राहायचं होतं?”

शेवटी दोन शिपायांनी मला उचलून मोटरबोटीत ठेवलं. काठावर गेल्यावर लोकांनी हार घातले. उपवासानं अशक्तपणा आला, असा त्यांचा समज झाला होता आणि मी तो दूर केला नाही. बीजींनी मात्र पराठे दिले. चार खाल्ले. नेत्रा वार्ताहराला सांगत होती, “नहीं अंकल, मैं इन्हें नहीं जानती.”

पुढच्या रविवारी मी गाळाची पहिली पाटी उचलली. सागरराणी सध्या तिथंच असते. गाळ वाहायला ती फार सोयीची पडते, असं सगळे म्हणतात. मीनाक्षीचा होकार कायम आहे. ती हल्ली वर्गात मुलांना भरती-ओहोटी शिकवताना इतकी रंगते, म्हणे, की घंटा ऐकू येत नाही. रोज संध्याकाळी ती मला स्वतः पोहण्याच्या तलावावर सोडते आणि पलीकडे बाकावर नकाशा उघडून बसते.

माझी प्रगतीही उत्तम आहे! काल मी नाक धरून तोंड पूर्ण पाण्यात बुडवलं आणि बाहेर काढलं. आमच्या अख्ख्या बॅचनं टाळ्या वाजवल्या! कोचनं सांगितलं, असंच चालू राहिलं तर लवकरच मला पुढच्या बॅचमध्ये घालतील. तिथं पहिली-दुसरीतली मुलं असतात.