सासऱ्यांचं विमान शेपटीवर बसतं

प्लास्टिकची लढाऊ विमानं जोडण्यात माझा हात धरणारा माणूस अजून जन्माला यायचाय! हे मी नाही म्हणत, माझं कपाट म्हणतं. कपाटात अकरा जेट विमानं ओळीनं उभी आहेत. प्रत्येक वीतभर लांब, आणि पंखांखाली काडेपेटीतल्या काडीच्या टोकाएवढी क्षेपणास्त्रं. एवढी बारीक, की एकदा शिंकलो तर तीन क्षेपणास्त्रं पडद्यात जाऊन अडकली!

त्यामुळे सासऱ्यांच्या पंचाहत्तराव्या वाढदिवसाला काय द्यायचं असा विषय निघाला, तेव्हा मी छाती पुढे काढली.

"बाबांना स्वेटर घेऊ," बायको म्हणाली.

"स्वेटर? ज्या माणसानं एकतीस वर्षं हवाई दलात विमानं दुरुस्त केली, त्याला स्वेटर? मी त्यांना त्यांचं जेट देणार! ज्याच्याखाली झोपून त्यांनी अर्धं आयुष्य काढलं, तेच! हुबेहूब!"

"त्यापेक्षा स्वेटर बरा," बायको म्हणाली. पण तिचं कोण ऐकतो!

आता सासऱ्यांविषयी थोडं सांगायला हवं. माणूस अतिशय कमी बोलणारा. मला पहिल्यांदा बघायला आले, तेव्हा माझ्याभोवती एक पूर्ण चक्कर मारली, वाकून माझ्या बुटांकडे पाहिलं आणि मुलीला विचारलं, "चालतो का नीट?" त्यानंतरच्या चौदा वर्षांत त्यांनी माझं एकदाच कौतुक केलं. "दार बरं बसवलंय." ते दार सुतारानं बसवलं होतं. मी तेव्हाही गप्प बसलो आणि आजही गप्प आहे.

थोडक्यात, या विमानावर माझी अब्रू अवलंबून होती.

सहा आठवडे खपलो. ऑफिसातून आलो की थेट मागच्या खोलीत. किटबरोबर आलेल्या कागदावर एका पानात विमानाच्या नाकाचं चित्र होतं, नाकात बाण, आणि बाणाजवळ एक छोटंसं वजन काढलेलं. मी म्हटलं, असेल काहीतरी नवशिक्यांसाठी! अकरा विमानं जोडलेला माणूस कसले बाण बघतो? नाक चिकटवलं, घासलं, रंगवलं. सांधा शोधून दाखवा म्हणावं!

शुक्रवारी संध्याकाळी सासू-सासरे आले. रविवारी दुपारी वाढदिवस. शनिवारी सकाळी बायको ड्युटीवर गेली (ती हॉस्पिटलात नर्स आहे) आणि मी शेवटचं काम हातात घेतलं. तीन चाकं बसवायची. बसवली. जेट टेबलावर ठेवलं. दोन पावलं मागे सरकलो आणि स्वतःलाच शाबासकी देणार, एवढ्यात...

भरपेट जेवलेला माणूस सोफ्यावर टेकतो ना, तसं ते विमान सावकाश मागे टेकलं. शेपूट टेबलावर, नाक छताकडे आणि पुढचं चाक हवेत! धप्प!

मी सरळ केलं. धप्प!

पुन्हा केलं. धप्प!

माझ्या पायाखालची जमीन सरकली. लढाऊ जेट आणि बसलंय कसं, तर भाकरीच्या तुकड्यासाठी दोन पायांवर उभ्या राहिलेल्या कुत्र्यासारखं!

मी पॅसेजमध्ये धावलो, कारण मागच्या खोलीत फोनला रेंज नसते, आणि गोंदमास्तरांना फोन लावला. गोंदमास्तर म्हणजे मी जिथून किट आणतो त्या दुकानाचे मालक. त्यांच्या बोटांवरचा गोंद गेल्या वीस वर्षांत निघालेला नाही. जुन्या जमान्यातल्या जेटना आम्ही दोघं आपसात 'म्हातारं' म्हणतो. हे नीट लक्षात घ्या, कारण पुढचा सगळा घोटाळा इथूनच झाला!

"मास्तर, घात झाला! म्हातारं मागे कलंडतंय! कितीही सरळ बसवा, परत कलंडतंच!"

"नाकात शिसं भरलं होतंस का?"

"नाकात शिसं? नाही भरलं!"

"मग कलंडेल नाही तर काय! मागची बाजू जड, पुढं नुसता पोकळ डबा. आता नाक काप, आत शिसं भर आणि परत चिकटव."

"नाक कापू? मुळापासून?"

"बारीक करवतीनं. हात थरथरू देऊ नकोस."

"बरं! दुपारी गुपचूप कापतो. पण सासऱ्यांना उद्यापर्यंत कळता कामा नये हं!"

मागे कप फुटल्याचा आवाज आला. मी मनात म्हटलं, मांजर असेल. आमच्याकडे मांजर नाही, हे मला फार उशिरा आठवलं.

मागे सासूबाई उभ्या होत्या. आणि योगायोग बघा, त्याच सकाळी सासरे आरामखुर्चीत पेपर वाचता वाचता झोपले होते आणि खुर्चीसकट मागे कलंडले होते! मीच धावत जाऊन त्यांना सरळ केलं होतं. म्हणजे कलंडणारं म्हातारं कोण, याबद्दल सासूबाईंच्या मनात तिळमात्र शंका उरली नाही.

त्यांनी काय केलं ते मला नंतर कळलं. आधी स्वयंपाकघरातल्या सुऱ्या गोळा करून पिशवीत भरल्या आणि ती पिशवी उशीखाली ठेवली. मग हॉस्पिटलात फोन केला.

"अगं, ताबडतोब घरी ये! तुझा नवरा तुझ्या बाबांचं नाक कापणार आहे! मुळापासून!"

"आई, काय बोलतेस तू?"

"आणि आत शिसं भरणार आहे! मी माझ्या कानांनी ऐकलंय!"

इकडे मला कशाचा पत्ता नाही. मी शेजारच्या काकांकडून गळाला लावायचे शिशाचे मणी आणले (काका दर सुट्टीला तळ्यावर जातात, मासा अजून एकही आणलेला नाही) आणि बारीक करवत काढली. विमानाच्या नाकाला पहिला दात लावला, तोच दार उघडलं.

दारात सासरे! त्यांच्या मागे, त्यांचा शर्ट मुठीत धरून, सासूबाई!

विमान दिसलं तर सहा आठवड्यांचं गुपित फुटणार. मी झटकन ते पाठीमागे लपवलं. आता माझा एक हात पाठीमागे आणि दुसऱ्या हातात करवत.

"काय चाललंय?" सासऱ्यांनी विचारलं.

"काही नाही, बाबा! तुम्ही जाऊन झोपा. शांत झोपा. मी नंतर येतोच!"

सासूबाईंनी जी किंकाळी फोडली, तिनं शेजारचे काका गळ घेऊनच धावत आले!

सासूबाईंनी सासऱ्यांना ओढत खोलीत नेलं आणि आतून कडी घातली. अर्ध्या तासानं बायको घरी आली, ती युनिफॉर्ममध्येच आणि हातात ड्रेसिंगचं सामान! मी तिला विमान दाखवलं. तिनं विमानाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि कपाळावर हात मारून ती मटकन खाली बसली.

"स्वेटर म्हटलं होतं मी," एवढंच बोलली.

तिनं आईला बाजूला घेऊन खरं काय ते सांगितलं. पण सासऱ्यांना सांगता येईना, नाहीतर भेट उघडी पडणार! त्यामुळे शनिवारभर ते नाकावर रुमाल धरून घरात वावरत होते. मी जवळून गेलो की भिंतीला पाठ लावून उभे राहायचे.

तरी मी काम पूर्ण केलं! नाक कापलं. मास्तर म्हणाले होते, दहा मणी पुरेत. पण सासऱ्यांच्या बाबतीत धोका कशाला पत्करा? मी चाळीस घातले! ते गोंदानं पक्के करायचे असतात, गोंद वाळायला दिवस लागतो, म्हणून वर नुसता कापसाचा बोळा कोंबला आणि नाक परत चिकटवलं. टेबलावर ठेवलं. उभं राहिलं! तिन्ही चाकांवर, ताठ! पुढच्या चाकाची काडी जराशी वाकल्यासारखी वाटली, पण म्हटलं, एवढं ओझं उचललं की माणूसही वाकतो.

रविवार दुपार. सगळे बाहेरच्या खोलीत जमलो. मी रुमालाखाली झाकलेलं विमान टीपॉयवर ठेवलं आणि रुमाल ओढला.

सासरे बघतच राहिले. खिशातून चष्मा काढला. पंखांवरचे आकडे वाचले. त्यांच्या हनुवटीला बारीकसा कंप सुटला. चौदा वर्षं थांबलो होतो या क्षणासाठी!

"हे माझं..." ते म्हणाले.

आणि 'कट' असा आवाज झाला.

पुढच्या चाकाची काडी मोडली! विमान तोंडावर आपटलं, नाक सांध्यातून निखळून उडालं आणि चाळीस शिशाचे मणी टीपॉयवरून टपटप, टपटप, टपटप खोलीभर! पुढचं ओझं गेल्याबरोबर विमान सावकाश उठलं, मागे झुकलं आणि, धप्प! शेपटीवर बसलं. बिननाकाचं!

माझं नाक असं जाहीरपणे कापलं जाईल, हे मला स्वप्नातही वाटलं नव्हतं. एक मणी घरंगळत घरंगळत सासऱ्यांच्या पायाशी येऊन थांबला.

सासऱ्यांचे खांदे हलायला लागले. बायको पुढे धावली. रडतायत की काय? छे! माणूस हसत होता! डोळ्यांतून पाणी येईपर्यंत, मांडीवर थापा मारत!

"असंच! अगदी असंच झालं होतं!" ते ओरडले. "खऱ्या जेटची तोफ नाकातून दुरुस्तीला काढली होती. तिच्या जागी वजन टाकायचं, ते मी विसरलो! आणि पाहणीला आलेले मोठे साहेब समोर उभे असताना आख्खं जेट बसलं की शेपटीवर! साहेबांची टोपी उडाली! दुसऱ्या दिवशी मला उचलून त्या वाळवंटातल्या तळावर फेकलं. तीन वर्षं!"

आम्हीही हसलो. मी तर सगळ्यांत जोरात.

सासूबाई हसत नव्हत्या.

"वाळवंटातला तळ?" त्यांनी अगदी हळू विचारलं. "जिथं तुमची खास निवड झाली होती, तोच ना?"

सासऱ्यांचं हसू जागच्या जागी गोठलं.

"अहो, मी मुख्याध्यापिका होणार होते त्या वर्षी! ऑर्डर हातात होती! ती परत केली मी! तुमच्या खास निवडीसाठी तीन वर्षं वाळू झाडली. डब्यात वाळू, अंथरुणात वाळू, पोरीच्या कानात वाळू! आणि चाळीस वर्षं सगळ्या नातेवाइकांना छाती फुगवून सांगतेय, की ह्यांना निवडून नेलं होतं!"

"अगं, पण तिथले सूर्यास्त किती छान होते..." सासरे म्हणाले. बोलायला नको होतं. पण कमी बोलणारा माणूस बोलला, की हे असं होतं!

सासूबाईंनी बॅग भरली. कुणाचंही ऐकलं नाही. दारात चपला घालताना त्या वळल्या.

"मी घरी चाललेय. तुम्ही इथेच राहा."

"किती दिवस?" सासऱ्यांनी विचारलं.

"तीन वर्षं!"

आज अडीच महिने झाले. सासूबाई घरी सकाळी मुलांची शिकवणी घेतात आणि फोनवर त्यांचा आवाज भलताच खुश येतो. सासरे आमच्याकडेच आहेत, माझ्या मागच्या खोलीत. त्या खोलीच्या दाराला आता नोंदवही टांगलेली आहे. कोण कधी आत आलं, कुठली पक्कड नेली, परत केली की नाही, सगळं लिहून सही करायची! माझ्या अकराही विमानांची त्यांनी भिंगातून तपासणी केली आणि नऊ विमानं 'उड्डाणास अयोग्य' ठरवली.

बाराव्या विमानाचं किट आणून ठेवलंय, पण खोका उघडायला लेखी परवानगी लागते. मी सोमवारी अर्ज दिलाय. काल त्यांनी तो परत पाठवला. म्हणे, अक्षर वाचता येत नाही!